तीन मिनिटं आणि एक मिनिट

न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथे थॉमस एडिसनच्या आवारात डांबरी कागदाने मढवलेली एक काळी खोली होती. तिचं छप्पर उघडता यायचं आणि आख्खी खोली गोल रुळावर फिरवून उन्हाकडे वळवता यायची. लोक तिला ब्लॅक मारिया म्हणत. जगातला हा पहिला चित्रपट-स्टुडिओ. जून १८९४ मध्ये मायकेल लेनर्ड आणि जॅक कुशिंग हे दोन बॉक्सर या खोलीत समोरासमोर उभे राहिले. रिंग नेहमीपेक्षा कितीतरी लहान होती, कारण कॅमेरा जागचा हलत नव्हता आणि दोघांनीही त्याच्या नजरेतच राहायला हवं होतं. फेऱ्या सहा, आणि प्रत्येक फेरी साधारण एका मिनिटाची.

एक मिनिटच का? एडिसनच्या यंत्रात एरवी पन्नास फूट फिल्म मावायची, म्हणजे जेमतेम वीस सेकंदांचं दृश्य. या लढतीसाठी यंत्र वाढवून दीडशे फुटांचं केलं, तेव्हा कुठे मिनिटभर हाती लागलं. मिनिट झालं की फिल्म संपली, फिल्म संपली की फेरी संपली. पुढची फिल्म भरून होईपर्यंत दोघे बॉक्सर दम खात थांबत. बॉक्सिंगच्या फेरीची लांबी इथे पंचाने ठरवली नाही, फिल्मच्या लांबीने ठरवली. नंतर न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक फेरीसाठी एक वेगळं यंत्र मांडलं गेलं. प्रेक्षक वाकून एका भिंगाला डोळा लावायचा, फेरी बघायचा, मग पुढच्या यंत्रापाशी जाऊन पुन्हा पैसे मोजायचा.

बॉक्सिंग आणि सिनेमा यांचं नातं हे असं वेळेवरून जुळलं. माझ्या आवडीचे बॉक्सिंगपट पुन्हा पुन्हा पाहताना मला दर वेळी तेच जाणवत आलं आहे. या सिनेमांचा जीव ठोशांपेक्षा घड्याळात जास्त आहे. कोण जिंकतो याची उत्सुकता पहिल्या खेपेलाच संपते. तरीही दहाव्यांदा बघताना छाती धडधडते, कारण पडद्यावर वेळेचं काहीतरी विलक्षण चाललेलं असतं.

ज्या लॅथम बंधूंनी ती सहा यंत्रं लावून खेळ चालवला, त्यांना एक मिनिट पुरेना. सबंध लढत सलग टिपायची तर लांब फिल्म हवी, आणि लांब फिल्मचं जड रीळ झटक्याने ओढलं की फिल्म फाटते. कॅमेऱ्यात फिल्म सरळ धावत नसते. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर थांबते आणि पुन्हा पुढे सरकते. हा हिसका रिळापर्यंत पोहोचू नये म्हणून लॅथम यांच्या मंडळींनी फिल्मला एक सैल वेटोळं दिलं. हिसका त्या वेटोळ्यात जिरतो आणि रीळ शांतपणे उलगडत राहतं. मे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर यंग ग्रिफो आणि चार्ल्स बार्नेट यांची लढत या मंडळींनी टिपली आणि त्याच महिन्यात ती पैसे घेऊन पडद्यावर दाखवलीसुद्धा. पॅरिसमधला ल्युमिएर बंधूंचा प्रसिद्ध खेळ त्यानंतर डिसेंबरात झाला. लॅथमच्या नावाचं ते वेटोळं पुढे शंभर वर्षं जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि प्रोजेक्टरांत राहिलं. आपल्या तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये जो कोणी प्रोजेक्टरवर फिल्म चढवत असे, तो हेच वेटोळं बोटाने नीट करून मगच यंत्र सुरू करायचा. एका लढतीच्या हव्यासापोटी ते जन्माला आलं होतं.

आणि मग १७ मार्च १८९७. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या कार्सन सिटीत जेम्स कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. इनोक रेक्टर नावाच्या माणसाने रिंगपाशी तीन कॅमेरे लावले आणि सुमारे अकरा हजार फूट फिल्म खर्ची घातली. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सने पोटाच्या वरच्या बाजूला, बरगड्या जिथे दुभंगतात त्या मऊ जागी ठोसा मारला आणि कॉर्बेट खाली बसला. हा सिनेमा शंभर मिनिटांहून मोठा होता. जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून इतिहासकार त्याचंच नाव घेतात. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. जे सिनेमे तोवर मिनिट-अर्ध्या मिनिटात संपत, ते एकदम दीड तासाच्या पुढे गेले, आणि त्यांना तिथवर कोणी प्रेमकथेने किंवा पुराणकथेने नेलं नाही. एका लढतीने नेलं.

त्याच सुमारास आपल्याकडेही तसंच काहीसं घडत होतं. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी झाला. तो पाहून भारावलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने टिपलेलं हे पहिलं चलच्चित्र मानतात. सातासमुद्रापलीकडचे ते लोक आणि आपले सावेदादा, एकमेकांचा पत्ता नसताना, हातात नवा कॅमेरा येताच एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन माणसांकडे वळले, याचं मला फार नवल वाटतं.

पण कुस्ती आणि बॉक्सिंग यांत एक मोठा फरक आहे, आणि तो सिनेमाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. मातीतल्या जुन्या कुस्तीला घड्याळ नसे. डाव लागला तर सलामीबरोबर निकाल, नाहीतर दोन तुल्यबळ मल्ल तास उलटला तरी भिडलेले. बॉक्सिंगही एके काळी असंच होतं. उघड्या मुठींच्या काळात एक जण जमिनीला टेकला की फेरी संपे, मग ती दहा सेकंदांत संपो की वीस मिनिटांत. १८६७ मध्ये मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावाने इंग्लंडमध्ये नवे नियम छापले गेले. हातमोजे आले, फेरी तीन मिनिटांची झाली, दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती आली, आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद मिळाले. तीन, एक, दहा. नाटककाराला याहून चांगली चौकट कोणी आखून दिली नसती. तीन मिनिटं दोन माणसं एकटी असतात, कोणी मदतीला येत नाही. मग एक मिनिट कोपऱ्यातल्या स्टुलावर माणूस आपल्या माणसांत परत येतो. गुरू कानात बोलतो, कोणी पाणी पाजतो, कोणी जखम दाबतो. आणि घंटा पुन्हा वाजते. युद्ध, घर, पुन्हा युद्ध. कथा लिहिणाऱ्याने नुसतं या घंटेच्या मागे चालत राहायचं.

एक अडचण मात्र होती. खरा ठोसा दिसत नाही. रिंगपासून पाच हातांवर बसलं तरी चांगल्या बॉक्सरचा डावा सरळ ठोसा निघालेला कळत नाही, समोरच्याचं डोकं मागे गेलेलं तेवढं कळतं. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो, त्यांतल्या चार-पाच चित्रांत सगळं आटोपतं. शिवाय नटांना एकमेकांची तोंडं फोडायची नसतात. म्हणून पडद्यावरचा ठोसा घडवावा लागतो. कॅमेरा अशा रेषेत ठेवतात की गालापासून चार बोटं दूर गेलेली मूठ भिंगाला गालावर बसलेली दिसते. मार खाणाऱ्याने नेमक्या त्या क्षणी मान झटकायची. केसांत आधीच पाणी भरून ठेवलेलं असतं, ते तुषारांसारखं उडतं. आणि वरून आवाज. हा आवाज काढून टाकला तर सगळी लढत लुटुपुटीची दिसते. म्हणजे लढतीचा प्रत्येक क्षण ताणून, तोडून, पुन्हा जोडून तयार केलेला असतो, आणि यातच दिग्दर्शकादिग्दर्शकाचा वकूब कळतो.

१९४७ च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये कॅमेरामन जेम्स वाँग हाऊ पायात चाकांचे स्केट्स घालून, हातात छोटा कॅमेरा धरून रिंगमध्ये उतरला आणि कोणीतरी त्याला मागून ढकलत राहिलं. तोवर प्रेक्षक लढत दोरांच्या बाहेरून बघत होते. हाऊने त्यांना आत आणलं. तरुणपणी तो स्वतः बॉक्सिंग करत असे, म्हणून आत काय दिसतं हे त्याला ठाऊक होतं. या सिनेमाला संकलनाचं ऑस्कर मिळालं.

दोन वर्षांनी आलेला रॉबर्ट वाइजचा ‘द सेट-अप’ हा या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा. सुरुवातीला रस्त्यावरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झालेली दिसतात. सिनेमा बहात्तर मिनिटांचा आहे आणि त्याची कथाही तेवढ्याच वेळात घडते, मिनिटाला मिनिट. शेवटी पुन्हा घड्याळ दिसतं तेव्हा सव्वादहा होऊन गेलेले असतात. स्टोकर थॉम्पसन हा पस्तिशीचा, उतरणीला लागलेला बॉक्सर. आज जिंकलो तर दिवस पालटतील, असं तो बायकोला सांगतो. ती आता हे बघू शकत नाही. तिच्या हातात तिकीट आहे, पण ती आत जात नाही, शहरातून भटकत राहते. इकडे त्याच्या मॅनेजरने एका गुंडाकडून पन्नास डॉलर घेतले आहेत, स्टोकर हरेल या बोलीवर. आणि हे त्याने स्टोकरला सांगितलेलंच नाही, कारण तो आपसूक हरणारच अशी त्याची खात्री आहे! अपमानाचं इतकं थंड रूप मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

लढत चार फेऱ्यांची, आणि ती चारही फेऱ्या चालते. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा मधूनच प्रेक्षकांकडे वळतो. एक जाडा माणूस सतत काहीतरी खातो आहे. एक जण कानाशी रेडिओ धरून बेसबॉलचा सामना ऐकतो आणि डोळ्यांनी ही लढत बघतो. एक आंधळा माणूस आहे. शेजारचा त्याला ठोशाठोशाचं वर्णन सांगतो आणि आंधळाच सगळ्यांत जास्त चेकाळतो. खरा वेळ चालू असल्यामुळे आपल्याला सुटका नाही. दुसऱ्या सिनेमात ‘पाचवी फेरी’, ‘नववी फेरी’ अशा पाट्या झरझर येतात, इथे तसं काही होत नाही. स्टोकर जितका वेळ उभा, तितका वेळ आपणही. स्टोकर झालेला रॉबर्ट रायन कॉलेजात असताना खरोखरच हेवीवेट विजेता होता आणि त्याच्या खांद्यांच्या थकव्यात ते दिसतं. स्टोकर जिंकतो. आणि जिंकल्याची शिक्षा म्हणून मागच्या गल्लीत त्याचा हात ठेचला जातो. बायको येते तेव्हा तो तिला सांगतो की मी आज जिंकलो. आणि तिच्या लेखी तो खरंच जिंकला आहे, कारण आता त्याला पुन्हा कधीच लढता येणार नाही.

मार्टिन स्कॉर्सेसीने १९८० च्या ‘रेजिंग बुल’मध्ये याच्या अगदी उलट केलं. जेक लामोटा या खऱ्या जगज्जेत्याची ही कथा. दोन तासांहून मोठ्या या सिनेमात लढती मिळून दहाएक मिनिटंच आहेत, पण त्यांतलं एक सेकंदही घड्याळाप्रमाणे चालत नाही. कॅमेरामन मायकेल चॅपमन चित्रण चालू असतानाच कॅमेऱ्याचा वेग बदलायचा; ठोसा नेहमीच्या गतीने निघतो आणि कोपऱ्याकडे चालत जाणारा माणूस पाण्यातून चालल्यासारखा दिसू लागतो. रिंगचा आकारसुद्धा लढतीगणिक वेगळा. लामोटा जोरात असला की ऐसपैस, कोंडीत सापडला की अंगावर येणारी. भिंगासमोर आग पेटवून तिच्या झळांतून चित्र टिपलं, म्हणून एका लढतीत सगळं वितळताना दिसतं. ध्वनीचं काम करणाऱ्या फ्रँक वॉर्नरने ठोशांसाठी कलिंगडं आणि टोमॅटो फोडले, इतरही काय काय मिसळलं, आणि तो सगळ्याचा पत्ता कोणाला लागू देत नसे.

१४ फेब्रुवारी १९५१ ची शुगर रे रॉबिन्सनविरुद्धची लढत बघा. तेरावी फेरी. लामोटा दोरांना टेकून उभा आहे, हात खाली, आणि रॉबिन्सनलाच आव्हान देतो आहे. अचानक गर्दीचा आवाज नाहीसा होतो. रॉबिन्सनच्या मागची जागा लांब लांब सरकत जाते. श्वास तेवढा ऐकू येतो. रॉबिन्सनचा हात वर जातो, आणि तो वर जातच राहतो. खऱ्या लढतीत हा क्षण कोणाच्या लक्षातही आला नसता. मग एकाएकी आवाजाचा आणि ठोशांचा स्फोट होतो, तुकडे इतके लहान की डोळा मोजू शकत नाही. हिचकॉकच्या ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या खुनाची मांडणी स्कॉर्सेसीने इथे समोर ठेवली होती. संकलक थेल्मा शूनमेकरला याबद्दल ऑस्कर मिळालं. मार खाणाऱ्या माणसाच्या डोक्यातला वेळ बाहेरच्यांना दिसावा, ही किमया तिच्या टेबलावर घडली आहे. आणि तो शेवटचा दोर, ज्यावरून रक्त ठिबकतं. लामोटा मार का खातो, हात का खाली सोडतो, याचं उत्तर सिनेमा शब्दांत देत नाही. घरी त्याने भावाशी, बायकोशी जे केलं ते आपण पाहिलेलं असतं. तो स्वतःला शिक्षा देववतो आहे असं मला वाटतं.

याच भूमिकेत रॉबर्ट डी नीरो नंतरचा सुटलेला, नाइट क्लबात विनोद सांगणारा लामोटा झाला. त्यासाठी चित्रीकरण काही महिने थांबवलं आणि त्याने खाऊन खाऊन सुमारे २७ किलो वजन वाढवलं. चर्चा त्याचीच जास्त होते. मला मात्र त्या वजनातही वेळच दिसतो. मेकअपने आणलेलं म्हातारपण आणि शरीरावर चढलेली वर्षं यांत फरक असतो.

‘रॉकी’बद्दल जगात इतकं बोललं गेलं आहे की मी थोडक्यात सांगतो. मार्च १९७५ मध्ये चक वेपनर नावाचा फारसा कोणाला माहीत नसलेला बॉक्सर महंमद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. अवघे एकोणीस सेकंद उरले असताना लढत थांबवली गेली. ते पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोनने काही दिवसांत पटकथा लिहिली. सिनेमा २८ दिवसांत, सुमारे दहा लाख डॉलरमध्ये झाला. शेवटची लढत उलट क्रमाने चित्रित केली: आधी सुजलेल्या, फाटलेल्या चेहऱ्याची पंधरावी फेरी, मग मेकअप उतरवत उतरवत पहिली. रॉकीला जिंकायचं नाही, पंधरा फेऱ्या संपल्याची घंटा ऐकेपर्यंत उभं राहायचं आहे. निकाल वाचला जातो तेव्हा तो प्रेयसी एड्रियनला हाका मारत असतो. निकाल कोणाच्या कानावरही पडत नाही. आणि त्या प्रसिद्ध पायऱ्या! चालत्या माणसाच्या अंगावर कॅमेरा बांधूनही चित्र हलू नये असं यंत्र गॅरेट ब्राऊनने बनवलं होतं. त्याची चाचणी घ्यायला त्याने आपल्या मैत्रिणीला फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढायला-उतरायला लावलं. ती चाचणी बघून दिग्दर्शक जॉन अॅव्हिल्डसनने विचारलं, या पायऱ्या आहेत कुठे? आज जगभरचे लोक त्या ७२ पायऱ्या धावून चढायला तिथे जातात.

‘रॉकी’च्या चार वर्षं आधी, १९७२ मध्ये, जॉन ह्यूस्टनने ‘फॅट सिटी’ केला. त्याला पायऱ्यांची प्रसिद्धी मिळाली नाही, पण माझ्या मते तो मोठा सिनेमा आहे. कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन गाव. शेतमजुरांना पहाटे बस भरून नेतात, दिवसभर कांदे उपटून घेतात, संध्याकाळी दारूचे अड्डे. त्यातच छोट्या छोट्या लढती. बिली टली हा तिशीतच संपत आलेला बॉक्सर पुन्हा रिंगमध्ये उतरतो. त्याचा प्रतिस्पर्धी लुसेरो मेक्सिकोहून एकटाच बसने येतो. नीटनेटका सूट, हातात बॅग, सोबत कोणी नाही. आपण त्याला लघवी करताना पाहतो आणि त्यात रक्त असतं. आधीच्या कुठल्या तरी लढतीने आतून फुटलेला हा माणूस आज पुन्हा मार खायला उभा राहणार आहे, हे आपल्याला कळलेलं असतं आणि टलीला माहीत नसतं. आता टलीचा प्रत्येक ठोसा बघणं अवघड होतं. लुसेरोची भूमिका सिक्स्टो रॉड्रिगेझ या खऱ्या बॉक्सरने केली आहे आणि तो सिनेमाभर जवळजवळ बोलत नाही. टली जिंकतो, पण मार इतका खाल्लेला की आपणच हरलो असं त्याला वाटतं. कापून कापून हातात शंभर डॉलर येतात. लुसेरो पुन्हा सूट घालून लांब बोळातून एकटा बाहेर पडतो.

बॉक्सिंगपट म्हणजे जिद्दीच्या कथा असं ज्यांना वाटतं त्यांनी हा बघावा. इथे लढत सिनेमाचा लहानसा हिस्सा आहे. दोन लढतींच्या मधला वेळ, जो कुठल्याच नियमपुस्तकात नाही, तो ह्यूस्टनने चित्रित केला.

आपल्या देशात या प्रकारातलं सर्वांत थोर काम तमिळमध्ये झालं आहे, असं मी नि:शंक म्हणतो. पा. रंजित यांचा २०२१ चा ‘सारपट्टा परंबराई’. उत्तर मद्रासच्या बंदराकाठच्या वस्त्यांत बॉक्सिंग इंग्रजांकडून आलं आणि तालमींची घराणी उभी राहिली, जशी आपल्याकडे गायकीची. सारपट्टा हे त्यातलं एक, इडियप्पा हे दुसरं. गोदीत पोती वाहणारा कबिलन लहानपणापासून चोरून लढती बघत आला आहे. आई चिडते, कारण त्याचा बाप याच नादातून गुंडगिरीत गेला आणि मारला गेला. कबिलन इडियप्पाच्या डान्सिंग रोझशी लढतो ती लढत निव्वळ आनंद आहे. रोझ नाचतो, वाकतो, पाठ दाखवतो, कंबर लचकवतो, आणि ठोसा नेमका कुठून येईल याचा पत्ता लागू देत नाही. कबिलन आधी गोंधळतो, मग त्याच्या नाचाचा ठेका ओळखतो. त्या क्षणी थिएटर असतं तर शिट्ट्या पडल्या असत्या. सिनेमा करोनामुळे थेट घरच्या पडद्यावर आला.

पण मला थक्क केलं ते पुढच्या लढतीने. इडियप्पाच्याच वेंबुलीविरुद्ध कबिलन जिंकत आलेला असतो आणि लढत पुरी होऊच दिली जात नाही. दंगल होते, त्याचे कपडे फेडले जातात. काळ आणीबाणीचा आहे. तमिळनाडूतलं द्रमुक सरकार ३१ जानेवारी १९७६ रोजी बरखास्त झालं, आणि गुरू रंगन त्या पक्षाचा. पोलीस त्याला रिंगपासूनच उचलतात. दलित वस्तीतल्या मुलाला, ज्याच्या घरात आंबेडकरांची तसबीर आहे, तीन मिनिटांच्या नियमाचं संरक्षणही पुरं मिळत नाही. क्वीन्सबेरीच्या नियमांनी रिंगमध्ये दोघांना सारखं केलं असेल, पण रिंगभोवतीच्या समाजाला ते मान्य असावं लागतं. अनुराग कश्यप यांच्या ‘मुक्काबाज’मध्ये बरेलीचा बॉक्सर हेच भोगतो: संघटनेवर बसलेला उच्चवर्णीय माणूस त्याला रिंगपर्यंत पोहोचूच देत नाही. बॉक्सिंगशी नातं असलेली आणखी एक कहाणी आपल्या मातीतली: सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग करत होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. ‘चंदू चँपियन’ त्यांच्यावर आहे. पण त्यांचे बॉक्सिंगचे दिवस त्या सिनेमात इतक्या लवकर मागे पडतात की माझी भूक भागली नाही.

काही वेळा वेळ हेच हत्यार होतं. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अली दोरांना रेलून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेत राहिला. त्याआधी फ्रेझर आणि नॉर्टन यांना फोरमनने दुसऱ्याच फेरीत झोपवलं होतं. लांबच्या लढतीची त्याला सवयच उरली नव्हती. आठव्या फेरीत तो पडला. लिऑन गॅस्ट यांचा ‘व्हेन वी वेअर किंग्ज’ हा माहितीपट पुरा व्हायला पैसा आणि कोर्टकज्जे यांपायी १९९६ उजाडलं. त्यात फोरमन कोसळताना अलीचा उजवा हात पुन्हा उगारलेला दिसतो, आणि अली तो मारत नाही.

वेळेचा हा हिशेब माणसांच्या जिवाशी बांधलेला आहे, हे या सिनेमांच्या प्रेमात पडताना विसरता येत नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत वारला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. रॉकी ज्या तीन फेऱ्यांसाठी धडपडला, त्या नियमातूनच गेल्या.

म्हणून कोपऱ्यातलं ते एक मिनिट मला तीन मिनिटांपेक्षा मोलाचं वाटतं. ‘मिलियन डॉलर बेबी’ ज्या कथांवर बेतला, त्या लिहिणारा एफ. एक्स. टूल स्वतः कटमन होता. रिंगच्या कोपऱ्यात जखमा बंद करणाऱ्या माणसाला कटमन म्हणतात. एका मिनिटात घाम पुसायचा, थंड लोखंडी पट्टीने सूज दाबायची, अॅड्रिनलिनमध्ये बुडवलेला बोळा जखमेत धरून रक्तवाहिन्या आखडायला लावायच्या, वर व्हॅसलीन थापायचं. पहिलं पुस्तक निघालं तेव्हा टूल सत्तरीचा होता, आणि सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी गेला. त्याच्या त्या मिनिटभराच्या ज्ञानामुळेच क्लिंट ईस्टवूडचा फ्रँकी, आपली बॉक्सर मॅगी हिचं मोडलेलं नाक जाग्यावर बसवतो तेव्हा, अभिनय करताना दिसत नाही.

रायन कूगलरच्या २०१५ च्या ‘क्रीड’मध्ये नायक अॅडोनिसची एक आख्खी लढत, दोन फेऱ्या आणि मधला कोपरा धरून, एकाच सलग चित्रणात आहे. छायाचित्रण मरीझ अल्बर्टी यांचं. समोरचा गॅब्रिएल रोसाडो खरा व्यावसायिक बॉक्सर. साडेचार मिनिटं कुठेही तुकडा जोडलेला नाही; कॅमेरा दोघांच्या मधून, खांद्यामागून, काखेतून फिरतो. चेहऱ्यावरच्या जखमासुद्धा चित्रण चालू असतानाच लावल्या, कॅमेरा दुसरीकडे वळलेला असतानाच्या क्षणांत. म्हणजे त्या कोपऱ्यात एका बाजूला जखम बुजवण्याचं नाटक चालू होतं आणि दुसऱ्या बाजूला जखम खरोखर रंगवली जात होती.

हे पाहिल्यापासून माझ्या मनात एक सिनेमा घर करून आहे. बारा फेऱ्यांची लढत म्हणजे छत्तीस मिनिटं, मधल्या विश्रांतीची अकरा, मिळून सत्तेचाळीस. रॉकीच्या काळातली पंधरा फेऱ्यांची लढत एकोणसाठ मिनिटांची. इतक्या लांब फिल्मची तेव्हाची अडचण आता उरलेली नाही. डिजिटल कॅमेरा तासभर सहज चालतो. दोन दमदार बॉक्सर-नट घ्यावेत, एक पंच, दोन कोपऱ्यांत तीन-तीन माणसं, आणि सत्तेचाळीस मिनिटं कॅमेरा बंद करू नये. दहाव्या फेरीपर्यंत दोघांचे हात खरोखरच जड झालेले असतील, गुरूचा आवाज बसलेला असेल, आणि अकराव्या वेळी स्टुलावर बसलेल्या माणसाला तो काय सांगेल हे आज पटकथेत कोणाला लिहिता येणार नाही. मला ते वाक्य ऐकायचं आहे. मराठीत कोणी करणार असेल तर पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत मी असेन.